अडखळणाऱ्या मुलास वाचनाची गोडी कशी लावावी

(पालक, शिक्षक व गांवोगांवचे कार्यकर्ते यांच्या अभ्यासासाठीं)

आपल्या भाषेंत अभ्यासांत मागें पडलेल्या मुलास हिणविण्यासाठीं एक अक्षरच राखून ठेविलें आहे. वर्णमालेंतील ‘ढ’ हें तें अक्षर होय. ज्या मुलास वाचतां येत नाहीं त्यास शाळासोबती ‘ढ’ म्हणतात, कधीं कधीं वडील माणसेंही म्हणतात, आणि वर्ष दोन वर्षें हें ऐकत राहिलें म्हणजे मूल स्वतःलाही तसेंच समजूं लागतें. मग तें पुस्तक उघडण्याचें टाळतें. शाळेच्या वेळीं नेमकें त्याचें पोट दुखतें. वर्गांत तें शेवटच्या रांगेंत जाऊन बसतें. पुढें कोठें तरी शाळा सुटते, आणि एस. टी. च्या पाटीपासून पतपेढीच्या कागदापर्यंत प्रत्येक ठिकाणीं त्यास जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें.

अशा मुलांपैकीं पुष्कळांची बुद्धि इतरांइतकीच असते. त्यांची अडचण बुद्धीची नसून, कागदावरील अक्षर व तोंडांतला ध्वनि यांची गांठ घालण्याची असते. ही गांठ इतर मुलांची आपोआप बसते. ह्या मुलांची ती मुद्दाम, सावकाश व रीतसर घालून द्यावी लागते. ती घालतां येते, हें गेल्या शंभर वर्षांच्या अनुभवानें सिद्ध झालें आहे. ती कशी घालावी, हाच या पाठाचा विषय आहे.

१. ही अडचण काय आहे

ही अडचण नवी नाहीं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गांवीं डॉ. प्रिंगल मॉर्गन नांवाचे वैद्य होते. त्यांनीं १८९६ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या पत्रांत पर्सी नांवाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा तल्लख होता, हिशेबांत बरा होता, खेळांत कोणाच्या मागें नव्हता. परंतु अनेक वर्षें शिकवूनही त्यास साधे शब्द वाचतां येत नसत, आणि स्वतःचें नांव लिहितांना सुद्धां त्याच्या हातून अक्षरांची उलटापालट होई. सर्व शिक्षण तोंडी असतें तर हा शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. ग्लासगो येथील नेत्रवैद्य जेम्स हिंशेलवुड यांनीं अशा मुलांची तपासणी करून १९१७ सालीं जन्मजात शब्दांधत्वावर एक ग्रंथ लिहिला. अमेरिकेंत डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनीं १९२५ सालीं या प्रश्नावर आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम यांनीं डोळा, कान व हात हे तिन्ही एकदम कामास लावणारी शिक्षणपद्धति बसविली. लॉस एंजेलिस येथें ग्रेस फर्नाल्ड ह्या विदुषी मुलांकडून प्रत्येक शब्द बोटानें गिरवून घेत व गिरवितांनाच तो मोठ्यानें म्हणवून घेत. त्यांचें पुस्तक १९४३ सालीं निघालें.

आज ह्या अडचणीस डिस्लेक्सिया असें म्हणतात, आणि कायद्याच्या भाषेंत ती ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या सदरांत मोडते. लिहिण्याची किंवा आंकडेमोडीची अशीच खास अडचण असेल तर तीही त्याच सदरांत येते. ही जन्मजात असून पुष्कळदां एकाच घराण्यांत अनेकांस आढळते. म्हणून मुलाची चौकशी करतांना बापाला, मामाला किंवा आत्याला लहानपणीं वाचन कसें येत होतें, हें विचारावें. शंभर मुलांत पांच ते दहा मुलांस ही अडचण कमीअधिक प्रमाणांत असते, असा सामान्य अंदाज आहे. याचा अर्थ असा कीं, तीस पस्तीस मुलांच्या वर्गांत असें मूल नाहीं असें क्वचितच घडेल.

अडचणीचें मूळ बहुधा कानामागें, म्हणजे ध्वनि ओळखणाऱ्या मेंदूच्या व्यापारांत असतें. ‘माळ’ हा शब्द ऐकतांच त्यांत म्, आ, ळ् असे तुकडे आहेत हें इतर मुलांच्या मनास लवकर जाणवतें. ह्या मुलास तो शब्द एक अखंड गोळा वाटतो. ज्यास तुकडे ऐकूं येत नाहींत, त्यास तुकड्यांसाठीं निराळीं चिन्हें कां, हें कसें कळावें? म्हणून तें मूल अक्षरें पाठ करतें आणि विसरतें, पुन्हां पाठ करतें आणि पुन्हां विसरतें. यांत हट्ट नाहीं व आळसही नाहीं. ह्यावर औषध नाहीं, गंडादोरा नाहीं, आणि रंगीत कांचेच्या चष्म्यानें वाचन सुधारतें याला पुरावा नाहीं. छडीनें तर वाचनाची भीति तेवढी पक्की होते.

२. ओळखावें कसें

येथें घाई करूं नये. वाचतां न येणारें प्रत्येक मूल ह्या वर्गांतलें नसतें. निर्णय करण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, डोळे व कान. फळ्यावरील अक्षर अंधुक दिसत असेल, किंवा कान वारंवार वाहत असून ऐकूं कमी येत असेल, तर प्रथम त्याचा उपाय केला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी करून घ्यावी.

दुसरी, हजेरी. जें मूल ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातें व वर्षांतील कित्येक महिने शाळेस मुकतें, त्याला वाचन येत नाहीं याचें कारण उघड आहे. त्यास अधिक शिकवणी पाहिजे; त्याच्यावर अक्षमतेचा शिक्का मारूं नये.

तिसरी, घरची बोली. खानदेश व वऱ्हाडकडील मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा, किंवा ‘डोळा’ हा ‘डोया’ असा वाचील. तें चुकलें नाहीं. त्यानें शब्द ओळखला व आपल्या घरच्या उच्चारानें म्हटला. भिल्ली, गोंडी, कोरकू किंवा वारली बोलणाऱ्या मुलाच्या बाबतींत तर शाळेची मराठी हीच अर्धी नवी भाषा असते. आधीं शब्दाचा अर्थ त्याच्या बोलीनें समजवावा, मग त्याचें वाचन घ्यावें.

चौथी, वय. पांच सहा वर्षांचें मूल अक्षरें उलटीं काढतें, यांत चिंता करण्यासारखें कांहीं नाहीं. पुष्कळ मुलें तसें करतात व पुढें तें आपोआप थांबतें.

हें सर्व पाहून झाल्यावर, दोन वर्षें नियमित शाळेंत जाऊनही पुढील लक्षणें एकत्र व सतत दिसलीं तर समजावें कीं ही खास अडचण असण्याचा संभव आहे: बोलण्यांत चतुर, गोष्ट ऐकून ती नीट सांगतें, परंतु साधें वाक्य वाचतांना घाम फुटतो, काल आलेलें अक्षर आज अनोळखी होतें, यमक जुळवितां येत नाहीं, पहिलें अक्षर पाहून पुढील शब्द अंदाजानें ठोकून देतें, फळ्यावरून उतरवून घेतांना अक्षरें व काना मात्रा गळतात, आठवड्याचे वार किंवा महिने क्रमानें म्हणतांना घोंटाळा होतो. यांपैकीं एखादें लक्षण कोणत्याही मुलांत आढळेल. पुष्कळशीं एकत्र दिसणें हेंच महत्त्वाचें.

३. आपल्या लिपींतील अवघड जागा

इंग्रजींत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात; तशी गुंतागुंत मराठींत फार थोडी आहे. जसें लिहावें तसें बहुधा वाचावें. म्हणून मराठी मुलाची अडचण चुकीच्या वाचनापेक्षां मंद वाचनांत अधिक दिसते. तें अखेर शब्द जुळवितें, परंतु इतका वेळ लावतें कीं वाक्याच्या शेवटीं पोहोंचेपर्यंत आरंभ विसरतें. ‘बरोबर तर वाचतो’ असें म्हणून अशा मुलाकडे दुर्लक्ष होतें, तें होऊं नये.

दुसऱ्या बाजूनें आपल्या लिपीचा बोजाही मोठा आहे. इंग्रजीस २६ अक्षरें पुरतात. आपल्याकडे बाराखडी व जोडाक्षरें धरून शेंकडों आकृति ओळखाव्या लागतात. श्रीमती सोनाली नाग यांनीं कानडी मुलांच्या वाचनाचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध केला. कानडी लिपीही आपल्या लिपीप्रमाणेंच अक्षरांची आहे. सर्व अक्षरें हस्तगत होण्यास मुलांस पहिल्या दोन वर्षांच्या पुष्कळ पुढेंपर्यंत वेळ लागतो, असें त्यांस आढळून आलें. मग जें मूल मुळांतच अडखळतें, त्यास अधिक काळ लागावा यांत नवल नाहीं.

शिक्षकानें पुढील जागा ध्यानांत ठेवाव्या.

(अ) सारख्या दिसणाऱ्या आकृति. घ व ध, भ व म, थ व य, प व ष, ब व व, ट व ठ व ढ. हीं अक्षरें एकाच दिवशीं शेजारीं शेजारीं शिकवूं नयेत. आज घ शिकविला तर तो अगदीं पक्का होईपर्यंत ध चें नांव काढूं नये. शिवाय ल व श यांचें वळण मराठी व हिंदी छपाईंत निरनिराळें असतें. मुलापुढें आरंभीं एकाच वळणाचें पुस्तक ठेवावें.

(आ) सारखे ऐकूं येणारे ध्वनि. त व थ, द व ध, स व श, न व ण, ल व ळ. येथें मुलानें शिक्षकाचें तोंड पाहावें. थ म्हणतांना तळहात तोंडापुढें धरला तर वाऱ्याचा झोत लागतो, त म्हणतांना तसा लागत नाहीं. कानास जो फरक कळत नाहीं तो हातास कळतो.

(इ) पहिली वेलांटी. ‘दिवा’ शब्दांत ि हें चिन्ह द च्या आधीं लिहितात, पण उच्चार द च्या मागून होतो. डोळा एक क्रम सांगतो, कान दुसरा. सरळ मनाच्या मुलास हा अन्यायच वाटतो! त्यास मुद्दाम सांगावें: आधीं अक्षर पाहा, मग वेलांटी.

(ई) र चीं रूपें. ‘सूर्य’ मध्यें र चा उच्चार आधीं, पण तो बसला आहे य च्या डोक्यावर. ‘चक्र’ मध्यें तो क च्या पोटांत शिरला आहे. ‘राष्ट्र’ मध्यें तो खालीं टेंकला आहे. ‘दऱ्या’ मध्यें त्याचें रूप आणखी निराळें. हीं चारही रूपें एका दिवसांत दाखवूं नयेत. प्रत्येकास आठवडा द्यावा.

(उ) शब्दाच्या शेवटचा अ. आपण ‘कमळ’ लिहितांना तीन अक्षरें लिहितों, परंतु बोलतांना क-मळ असे दोनच ठोके पडतात. अडखळणारें मूल क, म, ळ अशीं तीन अक्षरें पूर्ण सुरांत म्हणतें व त्यास त्यांतून कमळाचें फूल दिसतच नाहीं. ‘आतां घाईनें म्हण, घरीं बोलतोस तसें म्हण,’ असें सांगून त्याच्याकडून शब्द मोडून परत सांधून घ्यावा.

४. शिकविण्याचा क्रम

सामान्यतः आपण अ पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरें घोंकून घेतों, मग बाराखडी, मग शब्द. ज्यास स्मरणशक्तीचें बळ आहे तें मूल ह्या वाटेनें निभावून जातें. अडखळणाऱ्या मुलास मात्र पन्नास निरर्थक आकृति पाठ करीपर्यंत एकही शब्द वाचण्याचा आनंद मिळत नाहीं. त्यासाठीं क्रम बदलावा.

प्रथम कान तयार करावा. यास पुस्तक लागत नाहीं, व निरक्षर आई आजीही हें काम उत्तम करितात. बडबडगीतें, उखाणे, भेंड्या हीं सर्व कानाचीं साधनें आहेत. ‘माळ’ सारखा आवाज कोणाचा? गाळ, बाळ, टाळ. ‘पाटी’ म्हणतांना किती टाळ्या? दोन. ‘बाहुली’ म्हणतांना? तीन. ‘पाटी’ मधून ‘पा’ काढून टाकला तर काय उरलें? ‘टी’. ‘काम’ शब्दाच्या शेवटीं कोणता आवाज? रोज पांच मिनिटें, भाकरी भाजतां भाजतां किंवा रानांत जातां जातां, हा खेळ खेळावा.

मग थोडींच अक्षरें घ्यावीं, पण अशीं कीं ज्यांचे लगेच शब्द होतील. उदाहरणार्थ म, ग, र, क, ळ हीं पांच अक्षरें घ्या. यांतून मग, गर, कर, कळ, मगर, गरम, कमळ इतके शब्द निघतात. त्यांत नुसता काना मिळवा. मका, काम, राग, माळ, गार, गारा, काळा, काका, मामा हे शब्द हातीं येतात, आणि ‘काका, मका गरम कर’ असें वाक्यही वाचतां येतें. पहिल्या महिन्यांतच मूल म्हणतें, ‘मला वाचतां येतें!’ हें वाक्य कोणत्याही बक्षिसापेक्षां मोलाचें आहे.

प्रत्येक अक्षर तीन वाटांनीं शिरावें: डोळ्यानें पाहावें, तोंडानें म्हणावें व हातानें गिरवावें, आणि हीं तिन्ही कामें एकाच वेळीं व्हावींत. मारिया मॉन्टेसरी बाईंनीं यासाठीं खरखरीत कागदाचीं अक्षरें वापरलीं. आपल्या गांवीं परातींतली राख, ओढ्याची वाळू किंवा अंगणांतील माती तेंच काम करिते. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू केलें, त्यांस अनुताई वाघ यांची साथ लाभली, व पुढें तें काम कोसबाडच्या टेंकडीवर वारली मुलांमध्यें वाढलें. बिया, खडे, पानें, माती हींच तेथील शिक्षणाचीं साधनें होतीं. साधन विकत आणण्यास पैसा नाहीं, ही सबब त्यांनीं कायमची खोटी पाडली. चिंचोके मांडून अक्षर काढणें, ओल्या मातीची वळी करून ग चा आकार देणें, पाठीवर बोटानें अक्षर काढून ओळखावयास लावणें, हीं सर्व या मार्गाचींच पावलें होत.

एक नियम कधीं मोडूं नये: जुनें पक्कें झाल्यावांचून नवें देऊं नये. आठवड्यास दोनच अक्षरें झालीं तरी चालेल. मागें शिकलेलें रोज एकदां उजळून घ्यावें.

५. रोजचा वीस मिनिटांचा पाठ

आठवड्यांतून एकदां दोन तास बसण्यापेक्षां रोज वीस मिनिटें बसणें शतपट हितकर आहे. वेळ व जागा ठरलेली असावी, आणि मूल उपाशी किंवा दमलेलें नसावें. पाठाची मांडणी अशी करावी:

पहिलीं ३ मिनिटें, कानाचा खेळ.

पुढील ४ मिनिटें, जुन्या अक्षरांचीं पानें. जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे करून त्यांवर एकेक अक्षर लिहावें. मूल पान उचलतें व ध्वनि म्हणतें. अडलें तर लगेच सांगावें व तें पान पुन्हां मध्यें सरकवावें.

पुढील ४ मिनिटें, नवें अक्षर किंवा नवी मात्रा. राखेंत गिरवणें व त्याचे दोन तीन शब्द जुळविणें.

पुढील ६ मिनिटें, वाचन. यांत दोन रीति आहेत. एक जोडीनें वाचण्याची: मोठें माणूस व मूल एकाच ओळीवर बोट ठेवून एकदम मोठ्यानें वाचतात, मुलास धीर आला म्हणजे तें खूण करितें व मोठें माणूस गप्प होतें, मूल अडलें कीं पांचपर्यंत मनांत मोजावें, तरी जमलें नाहीं तर शब्द सांगून पुन्हां बरोबर वाचूं लागावें. दुसरी रीति एकच उतारा पुनः पुनः वाचण्याची: पन्नास साठ शब्दांचा सोपा उतारा चार दिवस रोज वाचावा व एका मिनिटांत किती शब्द झाले तें वहींत टिपावें. सोमवारीं १८, गुरुवारीं ३१ असा आंकडा मुलाच्या डोळ्यांपुढें वाढतो. त्याची तुलना शेजारच्या मुलाशीं करावयाची नाहीं. कालच्या त्याच्या स्वतःशींच करावयाची.

शेवटचीं ३ मिनिटें, वाचलेल्यांपैकीं एक दोन शब्द न पाहतां लिहिणें. लिहितांना प्रत्येक ध्वनि मोठ्यानें म्हणावा.

ज्या घरीं आईबापांस वाचतां येत नाहीं, तेथें वडील बहीण, शेजारची कॉलेजांत जाणारी मुलगी किंवा मंडळींतील एखादा तरुण यानें हीं वीस मिनिटें द्यावींत. आईनें जवळ बसून ऐकावें आणि शेवटीं विचारावें, ‘मग त्या मगरीचें पुढें काय झालें?’ ऐकणारें माणूस मिळालें म्हणजे वाचणाऱ्यास वाचण्याचें कारण मिळतें.

याशिवाय मोठ्यांनीं मुलास रोज कांहीं तरी वाचून दाखवावें किंवा गोष्ट सांगावी, व ती त्याच्या वाचनापेक्षां वरच्या पायरीची असावी. अक्षर मागें राहिलें म्हणून ज्ञानही मागें राहूं देऊं नये. चौथींतल्या मुलास पहिलीचें अक्षर येतें म्हणून त्याच्याशीं पहिलीच्याच गोष्टी बोलणें हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

६. धीर कसा येतो

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पंचविसाव्या अध्यायाचा दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहे: ज्यानें मिळालेलें द्रव्य व्यवहारांत घातलें त्याचें वाढलें, आणि ज्यानें भीतीनें पुरून ठेविलें त्याच्याकडून तेंही गेलें. कॅनडांतील पंडित कीथ स्टॅनोविच यांनीं १९८६ सालीं वाचनाच्या बाबतींत नेमका हाच प्रकार दाखवून दिला, व त्यास मत्तयाचेंच नांव रूढ झालें आहे. ज्यास थोडें वाचतां येतें तें मूल आवडीनें वाचतें. वाचल्यानें शब्द वाढतात. शब्द वाढल्यानें वाचन सोपें होतें. ज्यास येत नाहीं तें टाळतें. टाळल्यानें तें अधिकच मागें पडतें. पहिलींत बोटभर असलेलें अंतर चौथींत हातभर होतें. म्हणून ‘मोठा झाला म्हणजे येईल’ असें म्हणून वाट पाहणें यासारखी दुसरी हानि नाहीं.

दृष्टांतांतील तो माणूस भ्याला होता, ही गोष्ट विसरूं नये. अडखळणारें मूलही भ्यालेलें असतें. त्याची भीति घालविण्याचे मार्ग साधे आहेत.

वर्गांत त्यास अकस्मात् उभें करून वाचावयास लावूं नये. उद्यां कोणता परिच्छेद वाचावयाचा तें आदल्या दिवशीं सांगावें, म्हणजे तें घरीं तयारी करून येईल व चारचौघांत मान वर करून वाचील.

पोकळ स्तुति करूं नये; मुलें ती ताबडतोब ओळखतात. ‘शाबास’ एवढेंच म्हणण्यापेक्षां ‘तूं मगर हा शब्द कोणी न सांगतां जुळविलास’ असें म्हणावें. त्यानें काय साधलें, हें त्यास नेमकें कळलें पाहिजे.

चुकांची यादी त्याच्यापुढें ठेवूं नये. दहांपैकीं सहा शब्द बरोबर आले तर सहांवर खूण करावी, व चारांपैकीं एकच उद्यांसाठीं निवडावा.

त्यास आपल्याहून लहान भावंडास वाचून दाखवूं द्यावें. लहान भाऊ चुका काढीत नाहीं. तो गोष्टींत रमतो. आपणही कोणास कांहीं देऊं शकतों, हा अनुभव ‘ढ’ म्हणवून घेणाऱ्या मुलास प्रथमच येतो.

आणि जें त्यास चांगलें येतें त्यास घरांत मान द्यावा. कोणी उत्तम चित्र काढतो, कोणी सायकल उघडून पुन्हां जोडतो, कोणी ढोलकीवर ताल धरतो. ‘आधीं वाचून दाखव, मग ढोलकी’ असा सौदा करूं नये. ज्या एका ठिकाणीं मुलाचा पाय घट्ट आहे तेथून त्यास ओढूं नये.

७. शाळा व सरकार यांजकडून काय मिळतें

आपल्या प्रांतांत या प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचें काम मुंबईस सुरू झालें. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९६ सालीं स्थापन झाली; मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत अशा मुलांच्या तपासणीचा स्वतंत्र विभाग चालतो. २००७ सालीं ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट निघाला व अडखळणाऱ्या मुलाचें दुःख काय असतें तें घरोघरीं कळलें.

पुढें दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाला. त्यांतील २१ प्रकारांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हिचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें प्रसिद्ध केलेल्या सूचनांत, तिसऱ्या इयत्तेच्या किंवा आठ वर्षांच्या सुमारास शाळेंतच अशा मुलांची प्राथमिक चांचणी व्हावी, असें सांगितलें होतें. पालकांनीं मुख्याध्यापकांकडे तिची विचारपूस करावी. तालुक्याच्या गट साधन केंद्रांत समावेशित शिक्षणाचें काम पाहणारे लोक असतात. त्यांची गांठ घ्यावी. प्रमाणपत्रासाठीं जिल्हा रुग्णालयांत किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत चौकशी करावी. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलती मिळूं शकतात.

कांहीं पालक लाजेनें मागें राहतात. कागदावर नांव चढलें म्हणजे मुलीचें लग्न कसें होईल, अशी त्यांस धास्ती वाटते. त्यांनीं असा विचार करावा कीं, चष्मा लागलेल्या मुलास आपण चष्मा नाकारीत नाहीं. परीक्षेंतील अधिक वेळ हा या मुलाचा चष्माच आहे. परंतु दुसरीही गोष्ट तितकीच खरी कीं, प्रमाणपत्र वाचावयास शिकवीत नाहीं. तें मिळो अथवा न मिळो, तें मिळण्यास सहा महिने लागोत वा वर्ष लागो, रोजचीं वीस मिनिटें आजच्या संध्याकाळींच सुरू करतां येतात.

ही अडचण समूळ जाते असें नाहीं. मूल मोठें झालें तरी त्याचें वाचन कांहींसें मंद राहील, शुद्धलेखनांत चुका राहतील. परंतु मंद वाचणारा मनुष्य व न वाचणारा मनुष्य यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. जो हळू कां होईना स्वतः वाचतो, तो सातबाराचा उतारा दुसऱ्याच्या भरंवशावर सही करून देत नाहीं, औषधाच्या बाटलीवरील सूचना दुसऱ्यास विचारीत नाहीं, आणि आलेलें पत्र एकट्यानें वाचूं शकतो. ही स्वतंत्रता आपल्या गांवच्या एकाही मुलानें केवळ आपल्या अधीरपणामुळें गमावूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या वस्तींत आठ वर्षांवरील किती मुलांस साधी गोष्ट वाचतां येत नाहीं? त्यांपैकीं कितींचे डोळे व कान तपासले आहेत?

२. हंगामी कामामुळें शाळा बुडालेलें मूल व खास अडचण असलेलें मूल यांतील भेद आपण कसा ओळखाल?

३. म, ग, र, क, ळ ह्या अक्षरांतून व काना मिळवून आणखी शब्द काढा. असाच दुसरा पांच अक्षरांचा संच तयार करा.

४. रोज वीस मिनिटें देऊं शकतील अशीं कोणतीं माणसें आपल्या गांवांत आहेत? त्यांतील प्रत्येकास एक मूल नेमून देतां येईल काय?

५. ‘ढ’ हा शब्द आपल्या घरांत व शाळेंत कोण वापरतें? तो बंद करण्यासाठीं प्रथम कोणाशीं बोलावें?